औषधजन्य वृक्कविकार, वृद्धांतील

औषधजन्य वृक्कविकार, वृद्धांतील : रोगनिवारण, वेदनाशमन अथवा निदान यांसाठी दिलेल्या औषधामुळे वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) रचनेत किंवा कार्यात उत्पन्न होणाऱ्या बिघाडास औषधजन्य वृक्कविकार म्हणतात. तो काही तासांत वा दिवसांत उद्‌भवल्यास तीव्र आणि महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे वाढत गेल्यास चिरकारी (दीर्घकालीन) समजला जातो. हा विकार कोणत्याही वयात होऊ शकतो; परंतु साठीनंतर त्याची शक्यता बरीच वाढते. या वयातील इजा बहुधा एखाद्या जहाल विषामुळे होत नाही. नेहमीच्या उपयुक्त औषधाची नेहमीचीच मात्रा प्रतिकूल वेळी किंवा दुसऱ्या औषधाच्या जोडीने पोटात गेल्यामुळे ती होते. म्हणूनच ती पुष्कळदा टाळता येण्याजोगी असते.

वृक्कास इजा का पोहोचते : दोन्ही वृक्कांचे एकत्रित वजन सु. ३०० ग्रॅ., म्हणजे शरीरभाराच्या सु. अर्धा टक्काच असते. तथापि हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सु. एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश रक्त त्यांतून वाहते. त्यामुळे रक्तातील कोणतेही औषध इतर बहुतेक इंद्रियांपेक्षा वृक्कापर्यंत अधिक प्रमाणात पोहोचते. प्रत्येक वृक्कात मूत्र तयार करणारे सु. १० लाख सूक्ष्म घटक असून त्यांना वृक्काणू म्हणतात. वृक्काणूच्या आरंभी असलेल्या केशिकागुच्छातून (सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्यातून) दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो. तो पुढील नलिकेतून जाताना त्यातील सु. ९९ टक्के पाणी परत शोषले जाते आणि दीड ते दोन लिटर मूत्र उरते. पाणी शोषले गेल्याने नलिकेतील औषधाची संहती रक्तातील संहतीपेक्षा कित्येक पटींनी वाढते. काही औषधे तर नलिकेच्या कोशिका स्वतःच रक्तातून ओढून घेतात. शिवाय वृक्काच्या आतल्या भागास (मज्जकास) ऑक्सिजनाचा पुरवठा मुळातच बेताचा असतो व रक्तप्रवाह थोडासा घटला, तरी तेथील कोशिकांवर ताण पडतो.

वार्धक्यातील वृक्क : चाळिशीनंतर वृक्काणूंची संख्या हळूहळू कमी होते, लहान रोहिण्यांच्या भित्ती जाड होतात आणि गाळण्याचा वेग (केशिकागुच्छ निस्यंदन त्वरा) सरासरीने दर वर्षी मिनिटास सु. ०.७५ ते १ मिलि. या प्रमाणात घटतो. ही घट सर्वांत सारखी नसते. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे चाललेल्या दीर्घकालीन अभ्यासाचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, सु. एक-तृतीयांश व्यक्तींत वय वाढूनही अशी घट आढळली नाही. याचा अर्थ केवळ वयावरून वृक्काची स्थिती ठरविता येत नाही. ती प्रत्येक व्यक्तीत मोजावी लागते.

निरोगी वृद्धाचे वृक्क दैनंदिन काम व्यवस्थित पार पाडते. कमी झालेली असते ती त्याची राखीव क्षमता. जुलाब, उलट्या, ताप, रक्तस्राव किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी तरुण वृक्क आपल्या रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण करून गाळण्याचे काम चालू ठेवते. वृद्ध वृक्कास ही जुळवाजुळव तितकीशी साधत नाही. त्यातच वृद्धांची तहानेची जाणीव मंदावते, मूत्र संहत करून पाणी राखण्याची शक्ती उणावते व शरीरातील पाण्याचा एकूण साठाही कमी झालेला असतो. मधुमेह, अतिरक्तदाब, हृद्‌विकार व संधिवात यांपैकी दोन-तीन विकार एकाच व्यक्तीत असणे नेहमीचेच असते. प्रत्येक विकाराचा चिकित्सक वेगळा, प्रत्येकाचे औषधपत्र वेगळे आणि सर्व औषधांचा एकत्रित हिशेब मात्र कोणाकडेच नाही, अशी स्थिती अनेक कुटुंबांत आढळते.

क्रिॲटिनिनाचा फसवेपणा : वृक्ककार्य अजमावण्यासाठी रक्तातील क्रिॲटिनीन या पदार्थाचे प्रमाण मोजतात. तो स्नायूंमध्ये सतत तयार होतो व वृक्कावाटे बाहेर टाकला जातो. वृक्ककार्य मंदावल्यास त्याचे रक्तातील प्रमाण वाढावयास पाहिजे. परंतु उतारवयात स्नायूंचे वस्तुमानही घटते आणि क्रिॲटिनिनाची निर्मिती कमी होते. परिणामी उत्सर्जन घटूनही रक्तातील आकडा ‘प्राकृत’ (सामान्य) मर्यादेतच राहतो.

डी. डब्ल्यू. कॉक्रॉफ्ट व एम. एच. गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून ही गोष्ट स्पष्ट होते. १४० मधून वय वजा करून आलेल्या संख्येस किलोग्रॅममधील वजनाने गुणावयाचे आणि क्रिॲटिनिनाच्या (मिग्रॅ. प्रती डेसिलिटर) ७२ पटीने भागावयाचे, स्त्रियांच्या बाबतीत उत्तरास ०.८५ ने गुणावयाचे. क्रिॲटिनीन १ मिग्रॅ. असलेल्या ३० वर्षे वयाच्या व ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषात हे उत्तर मिनिटास सु. १०७ मिलि. येते. तेवढेच क्रिॲटिनीन असलेल्या ८० वर्षे वयाच्या व ५० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीत ते अवघे ३५ मिलि. येते. प्रयोगशाळेच्या अहवालात दोघांसमोर एकच आकडा असतो. प्रत्यक्षात दुसऱ्या व्यक्तीचे वृक्ककार्य पहिल्याच्या एक-तृतीयांश असते. हा हिशेब न करता दोघांना औषधाची सारखीच मात्रा दिल्यास वृद्ध स्त्रीच्या शरीरात औषध साचत जाते. २००९ पासून अधिक सुधारित समीकरणे प्रचारात आली असून स्नायू फार क्षीण झालेल्या व्यक्तींत सिस्टॅटीन-सी या प्रथिनाचे मापन अधिक विश्वसनीय ठरते.

इजेचे प्रकार : औषधे वृक्कावर मुख्यत्वे पुढील पाच प्रकारे दुष्परिणाम करतात.

(१) रक्तप्रवाहातील बिघाड : वृद्धांत हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. केशिकागुच्छात रक्त आणणाऱ्या वाहिनीस अभिवाही रोहिणिका आणि तेथून रक्त नेणाऱ्या वाहिनीस अपवाही रोहिणिका म्हणतात. गाळण्यास लागणारा दाब या दोहोंच्या व्यासांवर अवलंबून असतो. शरीरातील पाणी कमी झाले किंवा हृदय दुर्बल झाले म्हणजे वृक्क दोन उपाय योजते. प्रॉस्टाग्लँडीन नावाच्या पदार्थांच्या साहाय्याने ते अभिवाही रोहिणिका रुंद ठेवते आणि अँजिओटेन्सीन या पदार्थाच्या साहाय्याने अपवाही रोहिणिका आवळते. येणारी वाट मोकळी व जाणारी वाट अरुंद असल्याने गुच्छातील दाब टिकून राहतो.

जॉन व्हेन या ब्रिटिश औषधक्रियावैज्ञानिकांनी १९७१ मध्ये असे दाखवून दिले की, ॲस्पिरीन व तत्सम औषधे प्रॉस्टाग्लँडिनांच्या निर्मितीस रोध करून वेदना व शोथ (दाहयुक्त सूज) कमी करतात. या संशोधनाबद्दल त्यांना १९८२ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अंश मिळाला. ज्या क्रियेमुळे गुडघ्याची वेदना थांबते, त्याच क्रियेमुळे वृक्काचा पहिला उपाय निकामी होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, इंडोमेथॅसीन, पिरॉक्सिकॅम इ. स्टेरॉइडविरहित शोथरोधी वेदनाशामके या गटात मोडतात. जठराला कमी त्रास देणारी म्हणून आलेली सेलेकॉक्सिबसारखी औषधेही वृक्काच्या दृष्टीने अधिक सुरक्षित नाहीत.

अतिरक्तदाब व हृद्‌विकार यांवर दिली जाणारी एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे अँजिओटेन्सिनाची निर्मिती किंवा क्रिया रोखतात व दुसरा उपाय निकामी करतात. फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड इ. मूत्रल (मूत्राचे प्रमाण वाढविणारी) औषधे शरीरातील पाणी व लवण कमी करतात. हे तिन्ही गट एकाच वेळी घेतले गेल्यास वृक्काचे सर्व संरक्षक उपाय एकदमच नाहीसे होतात. ब्रिटनमधील रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या सु. ४ लाख ८७ हजार व्यक्तींच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रल व अँजिओटेन्सीनरोधक औषधांच्या जोडीला वेदनाशामक घेणाऱ्यांत तीव्र वृक्क-इजेचे प्रमाण ३१ टक्क्यांनी आणि वेदनाशामक सुरू केल्यापासूनच्या पहिल्या ३० दिवसांत ८२ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अँजिओटेन्सीनरोधक औषधे मधुमेही व मूत्रातून प्रथिन जाणाऱ्या रुग्णांच्या वृक्काचे दीर्घकाळ संरक्षण करतात. ती सुरू केल्यावर क्रिॲटिनिनात ३० टक्क्यांपर्यंत होणारी व नंतर स्थिरावणारी वाढ सामान्यतः स्वीकारार्ह मानतात. दोष या औषधांचा नसून संयोगाचा व वेळेचा असतो.

(२) नलिकांवरील विषाक्त परिणाम : जेंटामायसीन, ॲमिकॅसीन यांसारखी ॲमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैव औषधे नलिकेच्या आरंभीच्या भागातील कोशिकांत साठतात व ऊतकमृत्यू घडवून आणतात. हा परिणाम सहसा ५ ते ७ दिवसांनंतर दिसू लागतो. मूत्राचे प्रमाण कमी होत नसल्याने तो लक्षात येण्यास उशीर लागतो. व्हँकोमायसीन, कोलिस्टीन, कवकरोधी ॲम्फोटेरिसीन-बी आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटीन यांचाही असाच धोका असतो. क्ष-किरण चित्रणासाठी नीलेतून किंवा रोहिणीतून देतात त्या आयोडीनयुक्त छायाभेदी द्रव्यांचा धोका पूर्वी समजला जाई त्यापेक्षा कमी आहे, असे अलीकडील अभ्यासांचे मत आहे. तथापि वृक्ककार्य आधीच बरेच खालावलेले असल्यास काळजी घेतात.

(३) अधिहर्षताजन्य (ॲलर्जीमुळे होणारा) शोथ : यात नलिकांभोवतालच्या ऊतकास शोथ येतो. तो औषधाच्या मात्रेवर अवलंबून नसतो. पेनिसिलीन गट, सल्फा औषधे आणि वेदनाशामके ही त्याची परिचित कारणे आहेत. क्षयावरील रिफॅम्पिसीन मध्येच थांबवून पुन्हा सुरू केल्यानेही तो उद्‌भवू शकतो. आम्लपित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोलामुळे झालेल्या अशा शोथाची पहिली नोंद १९९२ मध्ये झाली. ताप, पुरळ व रक्तातील इओसीनरागी कोशिकांची वाढ हे त्रिकूट पाठ्यपुस्तकांत दिलेले असले, तरी वृद्धांत ते क्वचितच पूर्ण आढळते. थकवा व अन्नावरील वासना जाणे एवढीच लक्षणे असू शकतात आणि ती वयावर ढकलली जातात.

(४) स्फटिक व अवरोध : सल्फा औषधे आणि नीलेतून वेगाने दिलेले ॲसायक्लोव्हिर यांचे स्फटिक नलिकांत साचू शकतात. मोठ्या आतड्याच्या तपासणीपूर्वी आतडे साफ करण्यासाठी तोंडाने दिल्या जाणाऱ्या सोडियम फॉस्फेटामुळे वृद्धांच्या वृक्कांत कॅल्शियम फॉस्फेट साचल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने २००८ मध्ये कडक इशारा प्रसिद्ध केला. अवरोधाचा आणखी एक साधा प्रकार वृद्ध पुरुषांत दिसतो. अष्ठीला ग्रंथी (प्रोस्टेट) वाढलेली असताना सर्दी, पोटातील कळ, निद्रानाश किंवा नैराश्य यांवरील काही औषधे घेतल्यास मूत्राशय रिकामे होईनासे होते व साचलेल्या मूत्राचा दाब मागे वृक्कांवर येतो.

(५) चिरकारी इजा : स्वित्झर्लंडमधील स्प्यूलर व झोलिंगर यांनी १९५३ मध्ये वृक्काच्या चिरकारी आंतराली शोथाचे वर्णन केले. पुढे या विकाराचा संबंध डोकेदुखीवरील, फिनॅसिटीनयुक्त मिश्र गोळ्या वर्षानुवर्षे खाण्याशी जोडला गेला. फिनॅसिटिनावर अमेरिकेत व भारतातही १९८३ मध्ये बंदी आली. बाजारातून औषध गेल्यावर अनेक देशांत त्या विशिष्ट विकाराचे प्रमाणही घटले. वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक समजल्या जाणाऱ्या औषधांनीही अशी इजा होते. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधातील ॲरिस्टोलोकिया प्रजातीच्या वनस्पतीमुळे अनेक स्त्रियांची वृक्के निकामी झाल्याचे उघडकीस आले. अशास्त्रीय रीतीने बनविलेल्या भस्मांतील पारा व शिसे, तसेच ‘सांधेदुखीवरील जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत छुपेपणे मिसळलेली आधुनिक वेदनाशामके ही कारणे भारतातील चिकित्सकांना ध्यानात ठेवावी लागतात.

लक्षणे व निदान : आरंभी लक्षणे बहुधा नसतातच. मूत्राचे प्रमाण घटणे, पायांवर व चेहऱ्यावर शोफ (पाणी साचल्याने येणारी सूज), मळमळ, ग्लानी आणि धाप ही लक्षणे नंतर दिसतात. वृद्धांत अचानक आलेला मानसिक गोंधळ, तोल जाणे किंवा पडणे हेच पहिले लक्षण असू शकते. वृक्क मंदावल्याने इतर औषधे शरीरात साचून त्यांची लक्षणेही दिसतात. उदा., डिगॉक्सिनामुळे मळमळ व नाडीची अनियमितता, लिथियमामुळे कंप, मधुमेहावरील काही गोळ्यांमुळे रक्तशर्करा एकाएकी घसरणे. रक्तातील पोटॅशियम वाढणे ही सर्वांत घातक गुंतागुंत असून तीमुळे हृदय एकाएकी बंद पडू शकते. अँजिओटेन्सीनरोधक औषध किंवा स्पिरोनोलॅक्टोन घेणाऱ्या वृद्धास मूत्रमार्गाच्या संक्रामणासाठी ट्रायमेथोप्रिमयुक्त गोळ्या दिल्यास हा धोका विशेष संभवतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार क्रिॲटिनीन ४८ तासांत ०.३ मिग्रॅ.ने किंवा ७ दिवसांत दीडपट वाढल्यास, अथवा मूत्राचे प्रमाण सलग ६ तास दर किग्रॅ. वजनास ताशी ०.५ मिलि.पेक्षा कमी राहिल्यास तीव्र वृक्क-इजा झाल्याचे मानतात. पूर्वीचा आकडा उपलब्ध असणे त्यामुळे फार मोलाचे ठरते. निदानाचा पाया मात्र रुग्णाच्या औषधांची संपूर्ण यादी हाच होय. तीत शेजाऱ्याने दिलेली गोळी, दुकानातून थेट आणलेले वेदनाशामक, चूर्णे व काढे यांचाही समावेश करावा लागतो, कारण विचारल्याखेरीज रुग्ण ही ‘औषधे’ म्हणून सांगत नाही. मूत्राची सूक्ष्मदर्शकीय तपासणी आणि श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांनी अवरोध व इतर कारणे ओळखता येतात. शोथाचा संशय असल्यास क्वचित जीवोतक परीक्षा (जिवंत ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) करावी लागते.

चिकित्सा : कारणीभूत औषध ताबडतोब थांबविणे हा मुख्य उपाय होय. निर्जलीकरण झाले असल्यास द्रव देतात. मात्र हृदय दुर्बल असलेल्या वृद्धास तो मोजून द्यावा लागतो. उरलेल्या औषधांच्या मात्रा तत्कालीन वृक्ककार्यानुसार बदलतात. अधिहर्षताजन्य शोथात औषध थांबवूनही सुधारणा न झाल्यास स्टेरॉइडे देतात. पोटॅशियम अनावर वाढल्यास, फुप्फुसांत पाणी साचल्यास किंवा मूत्रविषरक्ततेची (रक्तात मूत्रघटक साचल्याने होणाऱ्या विषबाधेची) लक्षणे दिसू लागल्यास अपोहन (डायलिसिस) आवश्यक ठरते. वय हा अपोहनास अडसर मानला जात नाही. नेदर्लंड्समधील व्हिलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये वापरात आणलेल्या अपोहन यंत्रामुळे १९४५ मध्ये वाचलेली पहिली रुग्ण ६७ वर्षांची स्त्री होती.

रक्तप्रवाहातील बिघाडामुळे झालेली इजा वेळीच ओळखल्यास बहुधा काही दिवसांत भरून निघते. परंतु वृद्धांत ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही. अशा एका प्रसंगानंतर चिरकारी वृक्कविकाराची शक्यताही वाढते.

प्रतिबंध : कोणतेही नवे औषध सुरू करण्यापूर्वी वय व वजन लक्षात घेऊन वृक्ककार्याचा अंदाज घेणे, कमी मात्रेने आरंभ करणे आणि औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिॲटिनीन व पोटॅशियम तपासणे हे चिकित्सकाचे काम आहे. वृद्धांत टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकन वैद्य मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तयार केली. ती वेळोवेळी सुधारली जाते व वृक्ककार्य खालावले असता कोणत्या औषधाची मात्रा घटवावी हेही तीत दिलेले असते.

सांधेदुखी हे वृद्धांचे खरेखुरे दुःख आहे. ते सोसत राहावे, असा या सर्व विवेचनाचा अर्थ नाही. योग्य मात्रेतील पॅरासिटॅमॉल, शेक, व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि त्वचेवर लावण्याची मलमे यांनी बऱ्याच रुग्णांचे भागते. मलमातील औषध रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. तोंडाने घ्यावयाची वेदनाशामके आवश्यकच असल्यास ती चिकित्सकाच्या सल्ल्याने, कमीत कमी दिवस आणि भरपूर पाणी पिऊन घ्यावीत. डायक्लोफेनॅकसारख्या औषधांच्या विक्रीस भारतात कायद्याने औषधपत्राची अट आहे. व्यवहारात ती पाळली जातेच असे नाही.

सर्वांत जपण्याचा काळ म्हणजे आजारपणाचे दोन-चार दिवस. जुलाब, उलट्या किंवा तीव्र ताप असताना, तसेच विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटले असताना रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या नित्याप्रमाणे चालू राहतात आणि अंगदुखीसाठी त्यांत वेदनाशामकाची भर पडते. अशा वेळी कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्यात व त्या पुन्हा केव्हा सुरू कराव्यात, हे चिकित्सकाकडून आधीच लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने त्या कायमच्या सोडू नयेत. घेत असलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून तो कागद प्रत्येक चिकित्सकास व औषधविक्रेत्यास दाखविण्याची सवय घरातील वडीलधाऱ्यांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लावल्यास या विकाराचा मोठा भाग टळू शकतो.